प्लॉट नंबर सात

आमच्या घरात सात-बारा कुणाच्याच नावावर नव्हता.
नायनांचे दोन माग, तेही भाड्याच्या शेडमध्ये.
मी शेतकी शिकणार म्हटल्यावर
गल्लीतल्यांनी एवढंच विचारलं:
कुणाच्या रानात?

विद्यापीठानं दिलं रान.
दहा गुंठे, तुळजापूर रोडच्या बाजूला,
वर वीतभर काळी, खाली मुरूम,
कुदळ खोल गेली की चुनखडीचा पांढरा ठसका.
सर्वांना लॉटरीत नंबर निघाले, मला सात.
सात चांगला, नायना म्हणाले,
कशावरून ते सांगितलं नाही.

प्रयोग सोपा होता.
अर्ध्यात दोन रात्री मेंढ्या बसवायच्या,
अर्धा कोरा ठेवायचा,
दोन्हीकडे मालदांडी पेरायची आणि फरक मोजायचा.
कोऱ्याला जपा, हत्तुरे सर म्हणाले,
कोरा गेला की सगळं गेलं.

म्हाळसाबाई कोळेकर सांगोल्याकडून आल्या,
सव्वाशे मेंढ्या, दोन कुत्री, घोड्यावर बिऱ्हाड.
त्यांनी जमिनीची चिमूट घेतली, जिभेला लावली,
थुंकल्या. काही बोलल्या नाहीत.
मी वहीत लिहिलं: चव. पुढे काय लिहायचं ते कळेना.

संध्याकाळी वाघर लावताना
शेवटची गाठ मी मारली. हट्टानं.
तुटलेला धागा मी डोळे मिटून सांधते,
लहानपणापासून, माग चालू असताना.
तीच गाठ मारली, बारीक, देखणी,
टोकं आत लपवलेली.

पहाटे सगळा कळप कोऱ्यात.
एकही मेंढी पळाली नव्हती,
निवांत रवंथ करत बसल्या होत्या
माझ्या शून्यावर.

म्हाळसाबाई गाठीचं सुटलेलं टोक हातात धरून हसल्या.
‘आगं, ह्यो दोर हाय. सूत न्हवं.
सुताला वाटतं आपुन सांधलेलं दिसू नये.
दोराला काय त्याचं.’

मी बादली घेऊन लेंड्या वेचायला बसले.
एकेक.
ऊन चढलं, अर्धी बादली भरली,
तेव्हा हत्तुरे सर बांधावर येऊन उभे राहिले.
लेंड्या उचलशील, म्हणाले,
मूत कसं उचलणार?

पेरलं तरी. पंचेचाळीस सेंटिमीटरवर ओळी.
थंडी पडली, दव पडलं,
ज्वारी पोटऱ्यात आली, निसवली,
आणि दोन्ही अर्ध्यांत एकसारखी डोलली,
निर्लज्ज.
मी कणसं मोजली, कडबा तोलला,
तक्त्यात दोन रकाने, दोन्हींत जवळजवळ तोच आकडा.

खर्चाचं पान नायनांनी पाहिलं.
मराठी ते बोट ठेवून वाचतात.
बियाणं, नांगरट, मेंढ्या बसवायचे पैसे,
खाली फायदा, लाल शाईत, दोन रेघा मारून.
बोट परत वर गेलं, परत खाली आलं.
‘आणि तुझी मजुरी?’
मी म्हटलं, माझी कशी धरणार, मी तर शिकत होते.
ते काही बोलले नाहीत.
त्यांच्या कानांत अजून माग चालू असतो,
निम्मं त्यांना ऐकूच येत नाही,
असं मी समजत आले होते.
रात्री मी मजुरी धरली.
फायदा राहिला एकशे बारा रुपये.
तो मी निळ्या शाईत लिहिला.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या बाई होत्या.
तुलना कुठे आहे, त्यांनी विचारलं.
मेंढ्यांनी नेली, मी म्हटलं.
मार्क कापले गेले, किती ते बोर्डावर आहेच.
सरांनी मात्र पुढच्या बॅचच्या पानावर
स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली:
वाघरीची गाठ मेंढपाळाकडून मारून घ्यावी.

आता मला दोन गाठी येतात.

ज्वारी घरी आणली, दोन पोत्यांत, वेगवेगळी,
‘बसवलेली’ आणि ‘कोरा’ अशा चिठ्ठ्या लावून.
अम्मानं एकाच डब्यात दळून आणली.
भाकरी पातळ झाली, पापडासारखी,
वर शेंगाचटणी.
नायनांनी मोडून पाहिली, कडेनं, मग मधून.
यातली कुठली कुठल्या अर्ध्याची?

सांगता येत नाही, मी म्हटलं.

बरं, म्हणाले,
आणि ताट पुढे केलं.